नागपुरात शिवलेली बीनबॅग, मसाई मारात वापरलेली

किंमत आधी सांगते, कारण फोटो पाहून झाल्यावर सगळे तेच विचारतात. कापड, चेन, वेल्क्रो आणि शिलाई धरून साडेआठशे रुपये. आत भरायचे दाणे वेगळे, ते केनियात घेतले. पाचपैकी साडेचार गुण देते. अर्धा कुठे कापला ते पुढे येईलच.

ही बसायची बीनबॅग नव्हे. लांब लेन्स टेकवायला गाडीच्या खिडकीवर टाकतात ती पिशवी. आकार पडशीसारखा: मध्ये चपटा पट्टा, दोन्हीकडे दोन फुगीर कप्पे. पट्टा खिडकीच्या कडेवर बसतो, एक कप्पा बाहेर लोंबतो आणि एक आत. दोन्ही बाजूंचं वजन एकमेकाला तोलून धरतं, त्यामुळे गाडी खड्ड्यात आदळली तरी पिशवी जागची हलत नाही. चौकोनी उशीसारखीही मिळते, पण ती खिडकीच्या अरुंद कडेवर टिकत नाही, दर वेळी एका हाताने धरावी लागते.

आम्ही विदर्भातले लोक ताडोबा-पेंचला जातो तेव्हा जिप्सीच्या दांडीवर टॉवेलची घडी ठेवून काम भागवतो, आणि भागतंही. तिथे वाघ रस्ता ओलांडतो तो अर्ध्या मिनिटाचा खेळ. हातात लेन्स उचलायची, धडाधड बटण दाबायचं, संपलं. केनियातल्या मसाई मारात उलटं असतं. मोकळं गवताळ माळरान, त्यामुळे चित्ता लांबूनच दिसतो, आणि एकदा दिसला की दिसतच राहतो. वारुळाच्या उंचवट्यावर चढून बसतो आणि तासभर मान इकडून तिकडे फिरवण्यापलीकडे काही करत नाही. तो उठेल, अंग ताणेल, जांभई देईल किंवा खाली उतरून थॉमसन गॅझेलच्या कळपाकडे निघेल. यातलं प्रत्येक काही सेकंदांत होतं, आणि त्या सेकंदांत तुमचा डोळा कॅमेऱ्याला लागलेला हवा.

माझ्याकडे निकॉनची २००-५०० मिलिमीटरची लेन्स आहे, कॉलरसकट, म्हणजे तिपाईवर बसवायच्या कड्यासकट, २.३ किलोची. त्यावर डी५०० कॅमेरा, तो पाऊण किलोच्या वर. तीन किलोंहून जास्त वजन तासभर हातात धरून कोणी दाखवावं. वीस मिनिटांत खांदा बोलायला लागतो, मग आपण लेन्स मांडीवर ठेवतो, आणि नेमका तेव्हाच चित्ता उठतो. बीनबॅग ही खरं तर वाट बघण्याची सोय आहे. फोटो स्थिर येतो हा दुसरा फायदा, तोही मोठा आहे, पण पहिला हाच.

दुसऱ्या फायद्याचं गणित असं. मारा विषुववृत्ताच्या जरा दक्षिणेला, जेमतेम दीड अंशावर. सूर्य वर्षभर साधारण एकाच वेळेला, साडेसहाच्या आसपास उगवतो आणि सरळ वर चढतो. आपल्याकडे थंडीत मऊ सोनेरी ऊन बराच वेळ रेंगाळतं, तसं तिथे नाही. तासाभरात ऊन पांढरं होतं. म्हणजे चांगला उजेड मिळतो तो अगदी सकाळचा, आणि तेव्हा तो कमी असतो. माझी लेन्स एफ ५.६ च्या खाली उघडत नाही (हा आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त आत येतो). हातात धरून ५०० वर निर्धास्त फोटो काढायचा तर मला शटर १/१००० सेकंदाचं लागतं, त्यासाठी आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदना, ३२०० वर न्यावा लागतो आणि सिंहाच्या आयाळीत खडीसाखरेसारखे दाणे दिसायला लागतात. पिशवीवर टेकवून बसलेल्या सिंहाला १/२५० पुरतं, आयएसओ ८०० वर येतो. दोन पायऱ्यांचा (एक पायरी म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) हा फरक साडेआठशे रुपयांत मिळाला. एफ ४ ची ५०० ची लेन्स घेऊन एकच पायरी मिळाली असती, आणि तिच्यासाठी घरच्यांशी काय काय बोलावं लागलं असतं ते सोडा. अर्थात हे बसलेल्या प्राण्याचं. पळणाऱ्या चित्त्याला १/२००० च्या वरच जावं लागतं, तिथे पिशवी फक्त वजन उचलते.

आता शिलाई. नागपूरच्या इतवारीत माझ्या माहितीचा एक सीटकव्हरवाला आहे, स्कूटर-मोटरसायकलची कव्हरं शिवणारा. बॅगवाल्याकडे न जाता मुद्दाम त्याच्याकडे गेले, कारण त्याच्या मशीनला जाड सुई, जाड दोरा चालतो आणि उन्हापावसात ताण सोसणारी शिवण घालायची त्याला सवय असते. कागदावर काढलेलं चित्र त्याने उलटसुलट करून बघितलं आणि विचारलं, “मॅडम, हे कोणत्या गाडीचं सीट होय?” आफ्रिकेत सिंहाचे फोटो काढायला लागतं म्हटल्यावर त्याने मापं परत घेतली, या खेपेला जास्त गंभीरपणे.

त्याचा आग्रह रेक्झिनचा होता. मी नको म्हटलं. रेक्झिन उन्हात तापतं, आणि त्यावर लेन्सचं नळकांडं घसरतं. बाहेरून ताडपत्रीसारखं जाड सुती कॅनव्हास घेतलं, खालच्या बाजूला जिथे पट्टा खिडकीच्या पत्र्यावर बसतो तिथे तेवढा रबरी पकडीचा तुकडा. आत मांजरपाटाच्या दोन वेगळ्या पिशव्या, तोंडाला नाडी. बाहेरच्या कप्प्याला चेन आणि चेनवर वेल्क्रोची झडप. ही झडप त्याच्या डोक्यातून आली, माझ्या नाही. “चेनचे दात लेन्सला घासतील ना,” म्हणाला. पूर्ण पाचपैकी पाच गुण त्या झडपेला.

आतली पिशवी कापडाचीच हवी याला आणखी एक कारण आहे. केनियात २०१७ पासून प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आहे, आणि ती कागदावरची नाही. सामान भरताना चपला, चार्जर, ओले कपडे गुंडाळायला आपण ज्या पातळ पिशव्या सहज घेतो, त्या घरीच ठेवून जायच्या. २०२० पासून संरक्षित क्षेत्रांत एकदाच वापरून फेकायचं प्लॅस्टिकही चालत नाही, पाण्याच्या बाटल्यासुद्धा. त्यामुळे धान्य प्लॅस्टिकच्या थैलीत भरून आत कोंबायचा जुगाड तिथे करताच येत नाही. आमच्या घरून निघालेला चिवडासुद्धा स्टीलच्या डब्यातून गेला.

पिशवी रिकामीच न्यायची. घडी केली की टॉवेलएवढी होते. नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून छोट्या विमानाने माराला जाणाऱ्यांना तर दुसरा पर्यायच नाही. तिथे माणशी १५ किलो सामान चालतं, तेही मऊ बॅगेत, आणि कॅमेरा त्यातच धरतात. आम्ही रस्त्याने गेलो. नैरोबी सोडलं की रिफ्ट व्हॅलीचा कडा उतरायचा, माई माहिऊ मागे टाकायचं आणि मग नारोक. माराच्या आधीचं मोठं गाव हे शेवटचंच, पेट्रोल, एटीएम, औषधं, सगळं इथेच उरकतात. दाणेही इथेच घ्यायचे.

काय भरायचं यावर फोटो काढणाऱ्यांत दोन तट आहेत, तांदूळवाले आणि घेवडावाले. तांदूळ बारीक असतो, लेन्स त्यात छान रुतते, पण पिशवी दगडासारखी घट्ट होते आणि जरा ओल लागली की संपलं. घेवड्याचे दाणे मोठे, त्यांच्या मधे हवा राहते, पिशवी दाबली की आकार घेते आणि धरून ठेवते. मका चालतो, पण टोचरा आहे. थर्माकोलचे गोळे घालू नका, वजनच नसेल तर स्थिरता कुठून येणार? मी घेवडा घेतला. नारोकच्या बाजारात धान्य डब्याने मोजून देतात, गोरोगोरो म्हणतात त्याला, साधारण दोन किलोचं माप. लालसर ठिपक्यांचा रोझकोको नावाचा घेवडा मिळाला, आपल्या राजम्याच्या घरातलाच. दोन डबे पुरले. विकणारी बाई आधी आमच्या ड्रायव्हरकडे आणि मग माझ्याकडे बघून हसत होती, कारण मी दाणे चांगले आहेत का हे न बघता ते पिशवीत किती हलतात हे बघत होते.

कप्पे गच्च भरायचे नाहीत. पाऊण भरले की पुरे. गच्च पिशवीवर लेन्स गोल गोल फिरते, पाऊण पिशवीत तिची खोबण तयार होते. मध्ये तळहाताने दाबून जागा करायची, लेन्स ठेवायची, वरून डाव्या हाताचा हलका भार द्यायचा. कॉलरचा पाय वरच्या बाजूला फिरवून ठेवायचा, म्हणजे नळकांडं सपाट बसतं. माझी लेन्स झूम करताना पुढून लांब होते, म्हणून पुढचा भाग मोकळा सोडून मागचा भाग टेकवते. हातात धरून काढायची सवय असलेल्यांना पहिले काही फोटो अवघडल्यासारखं वाटेल. त्याला इलाज नाही, दुपारपर्यंत जमतं.

आता खिडकी की छत, हा मुद्दा. माराच्या बहुतेक गाड्या लँड क्रूझर, छत वर उचललं जाणाऱ्या. आत शिरल्याबरोबर सगळे उभे राहतात आणि छतातून फोटो काढायला लागतात. मोठा नजारा दिसतो, वारं लागतं, मजा येते. पण फोटो? उंचावरून काढलेल्या सिंहाची पाठ दिसते आणि पाठीमागे गवत, सिंहाच्याच रंगाचं. तोच सिंह खाली बसून खिडकीतून टिपला की नजर त्याच्या नजरेच्या जवळ येते, आणि मागे गवताऐवजी लांबचा ओलोलोलोचा कडा येतो, निळसर, पुसट. पार्श्वभूमी जितकी लांब, तितकी ती विरघळते. एफ ५.६ वाल्यांनी तर हे पाठच करावं. पडशीसारखा आकार घेतला तो याच खिडकीसाठी. छताच्या कडेवरही ती बसते, पण तिथे कड रुंद आणि गुळगुळीत असते, रबराची पकड असूनही सरकते. गुण कापला तो इथे. तिथे चौकोनी उशीच बरी.

खिडकीला एक अट आहे, ड्रायव्हर चांगला हवा. गाडी कुठे, कोणत्या कोनात उभी करायची हे त्याच्या हातात असतं, आणि तुम्ही खिडकीशी बसलात की तुम्हाला तेवढीच एक दिशा उरते. आमचा ड्रायव्हर मसाई होता, तळेकजवळच्या गावचा. पहिल्या दिवशीच त्याला पिशवी दाखवून सांगितलं की मी खाली बसणार, मला ऊन पाठीशी लागेल. त्यानंतर तो प्राणी दिसला की थेट जवळ न जाता आधी लांबून वळसा घ्यायचा, सूर्य कुठे आहे बघायचा, चित्ता कुठे निघालाय याचा अंदाज घ्यायचा, आणि त्याच्या वाटेच्या बऱ्याच पुढे जाऊन गाडी लावायचा. मी घाई केली की म्हणायचा, “मामा, पोले पोले,” म्हणजे स्वाहिलीत “बाई, हळूहळू.” दहापैकी आठ वेळा चित्ता आमच्याकडेच चालत यायचा. मागून धावणाऱ्या गाड्यांतल्या लोकांना शेपटीचे फोटो मिळाले.

त्याला सांगायची दुसरी गोष्ट म्हणजे इंजिन बंद. डिझेलची थरथर पत्र्यातून पिशवीत, पिशवीतून लेन्समध्ये येते, आणि ती कोणतीही पिशवी पूर्ण खात नाही. तिसरी गोष्ट ड्रायव्हरला नाही, गाडीतल्या माणसांना सांगायची: फोटो चालू असताना हलू नका. एक माणूस सीट बदलतो तेव्हा पूर्ण गाडी डुलते. माझा नवरा फोटो काढत नाही, दुर्बीण घेऊन पक्षी बघतो, आणि त्याला दर तासाला डब्यातला चिवडा लागतो. डबा उघडायच्या आधी मला विचारायचं असा करार झाला. लायलॅक-ब्रेस्टेड रोलर, म्हणजे आपल्या नीलपंखाचा जांभळ्या छातीचा आफ्रिकी भाऊ, फांदीवरून उडण्याच्या बेतात असताना हा करार मोडला गेला. तो फोटो मी कुणाला दाखवत नाही.

गाडी कुठे नेता येते यावरही बरंच अवलंबून आहे. मुख्य राखीव क्षेत्रात रस्ता सोडायला बंदी आहे. भोवतालच्या काही कॉन्झर्व्हन्सींत, नाबोइशो किंवा ओलारे मोटोरोगीसारख्या, जिथे जमीन मसाई कुटुंबांची आहे आणि गाड्यांची संख्या मोजकी ठेवतात, तिथे गवतात उतरू देतात. खिडकीतून फोटो काढणाऱ्याला हा फरक फार मोठा. मुख्य क्षेत्रात परदेशी माणसाचं तिकीट जुलै ते डिसेंबर दिवसाला २०० डॉलर आहे, उरलेल्या महिन्यांत १००. कॉन्झर्व्हन्सीचा मुक्काम महाग पडतो हे खरं, पण दोन्हीकडचे दिवस वाटून घेतले तर पैसे जागी लागतात.

नदी ओलांडण्याच्या प्रसंगी मात्र पिशवीने साथ दिली नाही, आणि दोष तिचा नाही. जुलै ते ऑक्टोबरच्या सुमाराला टांझानियातल्या सेरेंगेटीतून आलेले विल्डबीस्ट, म्हणजे गवत खाणारे मोठे आफ्रिकी प्राणी, मारा नदीच्या काठावर गोळा होतात, तासन्‌तास थांबतात, परततात, पुन्हा येतात. मग एक उडी मारतो आणि मागून सगळे. त्या क्षणी पलीकडे थांबलेल्या सगळ्या गाड्या एकदम काठाकडे सुटतात. खिडकीसमोर दुसऱ्या गाडीचं चाक येतं. तिथे छतातूनच फोटो काढावे लागतात, हातात धरून, जमतील तसे. माझ्या मते क्रॉसिंगचा चांगला फोटो तोंडाशी झालेल्या गर्दीत मिळत नाहीच. जरा लांब, प्रवाहाच्या खालच्या अंगाला गाडी लावून, धुळीत काठ उतरणारी रांग पूर्ण घ्यावी. त्याला ५०० लागत नाही, २०० सुद्धा जास्त होते. मी नवऱ्याच्या मोबाइलवर काढलेला एक फोटो माझ्या लेन्सच्या सगळ्या फोटोंपेक्षा बरा आहे, हे त्याला अजून कळू दिलेलं नाही.

पॅनिंगसाठी, म्हणजे पळणाऱ्या झेब्र्याबरोबर कॅमेरा फिरवत १/३० ला फोटो घ्यायचा असेल तेव्हा, पिशवी काढून ठेवावी असं बरेच जण सांगतात. मला उलट अनुभव आला. पिशवी जरा सैल भरलेली असेल तर तिच्यावर लेन्स आडवी छान फिरते आणि वरखाली होत नाही, पट्टे सरळ रेघांत येतात. व्हीआर, म्हणजे लेन्समधली हाताची थरथर कमी करणारी सोय, स्पोर्टवर ठेवते.

धूळ आणि ऊन. दहा वाजल्यावर जमिनीवरून गरम हवेच्या लाटा उठतात आणि लांबचा प्राणी पाण्यातून बघितल्यासारखा थरथरतो. तेव्हा पिशवी, लेन्स, कॅमेरा, कुणाचंच काही चालत नाही. जवळचे प्राणी टिपा, नाहीतर झाडाखाली थांबून जेवून घ्या. धुळीसाठी कॅनव्हासला काही करावं लागलं नाही, झटकली की झालं. दुपारच्या पावसाची सर आली त्या दिवशी मात्र ती बाहेरून भिजली. माराची माती काळी, आपल्या कापसाच्या शेतासारखीच, पावसात चाकाला चिकटते आणि गाडी बैलासारखी बसते. आम्ही अडकलो, दुसऱ्या गाडीने ओढून काढलं, तोवर बाहेरच्या कप्प्यातलं पाणी आत पाझरलं. दाणे रात्री कॅम्पवर ताटात पसरून वाळवले. सकाळी कोरडे होते. तांदूळ असता तर टाकून द्यावा लागला असता.

निघताना दाणे कॅम्पच्या स्वयंपाकघरात दिले. आचाऱ्याने ते दोनदा निवडले, धुतले आणि रात्री मक्याबरोबर शिजवून गिथेरी केली. परत आणायचा विचार करू नका, धान्य-बियाणं विमानातून देशात आणण्यावर निर्बंध आहेत.

कुणी घेऊ नये तेही सांगते. तुमची लेन्स ७०-३०० सारखी हलकी असेल, किंवा मोबाइलवरच फोटो काढणार असाल, तर ही भानगड नको. शेअरिंगच्या मिनीबसमध्ये सहा-सात अनोळखी माणसांबरोबर जाणार असाल तर खिडकीची सीट तुम्हालाच मिळेल याची हमी नाही, तिथेही उपयोग अर्धाच. आणि बुकिंग करताना कॅम्पला एक ओळ लिहून विचारा. फोटोग्राफरांची ये-जा असलेल्या कॅम्पमध्ये गाडीतच बीनबॅग ठेवलेल्या असतात, तसं असेल तर शिवूच नका. विचारताना हेही विचारून घ्या की गाडीत बॅटरी चार्ज करायला सॉकेट आहे का, आणि खिडकीची काच पूर्ण सरकते की अर्धी. कॅम्पवरचा प्लग तीन चौकोनी पायांचा, इंग्लंडसारखा. आपला बसत नाही, अडॅप्टर नागपूरहूनच न्यावा.

धुण्याबद्दल दोघींनी विचारलं होतं. चेन उघडून आतल्या मांजरपाटाच्या पिशव्या काढायच्या, कॅनव्हास साबणाच्या पाण्यात तासभर भिजवून ब्रश मारायचा. मशीनमध्ये टाकू नका, रबराचा तुकडा सुटतो. सावलीत वाळवा. इतवारीवाल्याकडे अजून तेच माप ठेवलेलं आहे, पण त्याला “सिंहाची पिशवी” म्हणून सांगावं लागेल, बीनबॅग म्हटलं तर तो बसायची शिवायला घेतो.